हाडाची सावली, सांध्याचे चित्र : अस्थी आणि सांध्यांच्या वैद्यकीय प्रतिमांचा इतिहास

१. प्रस्तावना

जिन्यावरून पाय घसरला आणि मनगट सुजले, तर डॉक्टर पहिल्यांदा काय सांगतात? "एक्स-रे काढून या." आपल्या घरांत अजूनही पुष्कळ लोक याला 'फोटो काढणे' म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो थोडा तपासून घ्यायला हवा. एक्स-रे हा हाडाचा फोटो नसतो, ती हाडाची सावली असते. सीटी स्कॅन हे गणिताने जुळवलेले चित्र असते. एमआरआयमध्ये तर हाडाचा कठीण भाग जवळपास दिसतच नाही. तिन्ही चित्रे एकाच गुडघ्याची असू शकतात आणि तिन्ही खरी असू शकतात, तरी ती एकसारखी नसतात.

या पाठात आपण सुमारे सव्वाशे वर्षांचा हा इतिहास पाहणार आहोत. 'यंत्रे सुधारत गेली आणि चित्रे स्पष्ट होत गेली' अशा सरळ रेषेत तो सांगितला जातो. ते अर्धेच खरे आहे. प्रत्येक यंत्र शरीराचा एखादाच गुणधर्म टिपते आणि बाकीचे सोडून देते. त्यामुळे प्रत्येक नव्या यंत्राबरोबर डॉक्टरांचा प्रश्नही बदलत गेला. चित्रात काय दिसते याबरोबरच काय दिसू शकत नाही, हे ज्यांनी लक्षात ठेवले त्यांनी रुग्णाचे भले केले. पाठ वाचताना हे सूत्र लक्षात ठेवा.

२. १८९५ पूर्वी : बोटांनी पाहणे

क्ष-किरण नव्हते तेव्हाही हाडे मोडत होती आणि बसवलीही जात होती. आपल्याकडे हाडवैद्यांची परंपरा होती. युरोपातही हाडे बसवणारे लोक होते. निदान होत असे ते सूज, वाकलेपणा, वेदनेची जागा आणि मोडलेली टोके एकमेकांवर घासताना हाताला जाणवणारी करकर यांवरून. ही पद्धत कमी दर्जाची होती असे समजू नका. हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ होणारा जो अस्थिभंग आजही 'कोलीस फ्रॅक्चर' म्हणून शिकवला जातो, त्याचे वर्णन डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कोलीस यांनी १८१४ मध्ये केले. म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वी ८१ वर्षे. त्यांच्याजवळ फक्त डोळे, बोटे आणि अनुभव होता.

मर्यादा मात्र मोठी होती. बारीक तडा, सांध्याच्या आत गेलेली भेग किंवा शरीरात रुतलेली गोळी बोटांना सापडत नसे. गोळी शोधण्यासाठी जखमेत सळई घालून चाचपावे लागे. त्याने वेदना तर होतच, शिवाय जखम चिघळण्याची भीती असे.

३. सावलीचा शोध

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून विद्युतप्रवाह सोडत होते. काही अंतरावर ठेवलेला, रसायनाचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. नळीतून कोणते तरी अज्ञात किरण बाहेर पडत होते. गणितात अज्ञात राशीला 'क्ष' म्हणतात, म्हणून ते क्ष-किरण. २२ डिसेंबरला राँटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताची प्रतिमा घेतली. त्यात बोटांची हाडे दिसतात आणि एका बोटात अंगठी दिसते. २८ डिसेंबरला त्यांनी आपला निबंध प्रसिद्धीसाठी दिला. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आता एक मूलभूत प्रश्न विचारा. या किरणांनी हाडच का दाखवले? उत्तर रसायनशास्त्रात आहे. स्नायू, त्वचा आणि रक्त प्रामुख्याने हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले असतात. त्यांचे अणुक्रमांक १, ६, ७ आणि ८. हाडात कॅल्शियम असते, त्याचा अणुक्रमांक २०. अणुक्रमांक वाढला की क्ष-किरण शोषले जाण्याचे प्रमाण फार झपाट्याने वाढते. म्हणून मऊ भागांतून किरण आरपार जातात, हाडात अडतात आणि मागच्या काचेवर किंवा फिल्मवर हाडाची जागा पांढरी राहते. थोडक्यात, एक्स-रे कॅल्शियमची सावली टिपतो. पुढचा बहुतेक इतिहास या एका वाक्यातून उलगडतो.

शोधाची बातमी विलक्षण वेगाने पसरली. ३ फेब्रुवारी १८९६ रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात १४ वर्षांच्या एका मुलाच्या मोडलेल्या हाताची प्रतिमा घेण्यात आली. मुलाला सुमारे २० मिनिटे हात स्थिर ठेवावा लागला. आज हेच काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात होते.

४. रणांगण ते रुग्णालय

नवे तंत्र तातडीने उचलले ते सैन्याने. १८९६ मध्येच नेपल्सच्या लष्करी रुग्णालयात ज्युसेप्पे अल्व्हारो यांनी अबिसिनियाच्या युद्धातून परतलेल्या इटालियन सैनिकांच्या शरीरातील गोळ्या क्ष-किरणांनी शोधल्या. प्रत्यक्ष मोहिमेवर यंत्र नेण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आपल्या उपखंडातले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८९७-९८ मध्ये तिराहची मोहीम झाली. तिच्यात सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी डोंगराळ मुलखात यंत्र नेऊन जखमींची तपासणी केली. हा प्रदेश आज पाकिस्तानात आहे. साधारण त्याच काळात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनीही क्ष-किरणांचे उपकरण उभे केले होते.

पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी फ्रान्समध्ये मोटारींवर क्ष-किरण यंत्रे बसवून ती आघाडीजवळ नेली. स्वतः गाडीबरोबर जाऊन त्यांनी काम केले आणि तरुण स्त्रियांना यंत्र चालवण्याचे शिक्षण दिले.

तंत्रातही मोठे बदल झाले. १९१३ मध्ये अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी तापलेल्या टंगस्टनच्या तारेची नवी नळी बनवली. जुन्या नळ्यांचा भरवसा नसे, आज एक प्रतिमा मिळे तर उद्या दुसरीच. कूलिज नळीमुळे किरणांची तीव्रता ठरवता येऊ लागली. त्याच वर्षी बर्लिनचे गुस्टाव बकी यांनी विखुरलेले किरण गाळणारी जाळी शोधली. तिच्यामुळे नितंब आणि कंबर यांसारख्या जाड भागांतील हाडेही नीट दिसू लागली.

५. चुकवावी लागलेली किंमत

हे किरण दिसत नाहीत, त्यांचा स्पर्श जाणवत नाही. त्यामुळे ते निरुपद्रवी आहेत असा समज झाला. यंत्र ठीक चालते का हे पाहण्यासाठी चालक स्वतःचाच हात किरणांसमोर धरत. काही महिन्यांत त्वचा भाजल्यासारखी होई, जखमा भरत नसत आणि पुढे कर्करोग होई. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. बर्मिंगहॅमचे डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी १८९६ च्या सुरुवातीलाच हातात रुतलेली सुई क्ष-किरणांनी शोधून दाखवली होती. १९०८ मध्ये त्यांचा डावा हात कापावा लागला. १९३६ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे अशा मृतांचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती. ही सगळी कामावर असताना बळी गेलेली माणसे होती.

धोका कळूनही बाजार थांबला नाही, हेही नोंदवायला हवे. १९२० च्या दशकापासून युरोप-अमेरिकेतील चपलांच्या दुकानांत क्ष-किरण पेट्या ठेवल्या जात. मुलाने नवे बूट घालून पाय पेटीत ठेवायचा आणि आईने वरच्या झरोक्यातून बोटांची हाडे बुटात नीट बसली का ते पाहायचे. बूट विकण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलांना विनाकारण किरण दिले जात होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने १९५७ मध्ये या पेट्यांवर बंदी घातली. तपासणी सोपी आहे म्हणून ती गरजेची ठरत नाही, हा धडा आजही जुना झालेला नाही.

आज हात किंवा पायाच्या साध्या एक्स-रेत मिळणारी किरणमात्रा अगदी नगण्य असते. मणक्याच्या सीटी स्कॅनमध्ये ती काही मिलिसिव्हर्टपर्यंत जाते. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगात सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्याच्याशी तुलना करून पाहा. एक्स-रेला घाबरण्याचे कारण नाही, पण सीटी स्कॅन कशासाठी हवा आहे हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. भारतात किरणसुरक्षेचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते.

६. सांधा : सावलीतील रिकामी जागा

मोडलेल्या हाडाचा प्रश्न एक्स-रेने बऱ्याच अंशी सोडवला, सांध्याचा मात्र नाही. सांधा कशाचा बनलेला असतो ते आठवा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, हाडांना बांधणारे अस्थिबंध असतात, गुडघ्यात अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात ज्यांना मेनिस्कस म्हणतात, आणि सगळ्यांना ओले ठेवणारा द्रव असतो. यांपैकी कशातही अडण्याइतके कॅल्शियम नाही. म्हणून निरोगी गुडघ्याच्या एक्स-रेत दोन हाडांच्या मध्ये काळी फट दिसते. ती फट रिकामी नाही. सांध्याचे सगळे महत्त्वाचे भाग तिथेच आहेत.

या अडचणीवर पहिला उपाय १९०५ मध्ये निघाला. वेर्नडॉर्फ आणि रॉबिन्सोन यांनी गुडघ्यात वायू भरून प्रतिमा घेतली. वायूमुळे सांध्याच्या आतल्या कडा उठून दिसल्या. पुढे वायूऐवजी आयोडीनयुक्त द्रव वापरात आला. दुसरा मार्ग थेट आत डोकावण्याचा होता. टोकियोचे केनजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. आजची आर्थ्रोस्कोपी या प्रयत्नांतून वाढली.

तिसरा मार्ग साधा पण हुशारीचा होता. कूर्चा दिसत नसली तरी ती झिजली की दोन हाडे जवळ येतात, म्हणजे फट अरुंद होते. फट मोजली की कूर्चेचा अंदाज येतो. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी झिजेच्या संधिवाताची ० ते ४ अशी श्रेणी ठरवली. तिच्यात फटीची रुंदी आणि हाडाच्या कडेला वाढलेले काटे यांना महत्त्व होते. ही श्रेणी आजही वापरली जाते. पण आडवे झोपलेल्या रुग्णाच्या गुडघ्यात हाडे सैल राहतात आणि फट खोटीच रुंद दिसते. म्हणून स्वीडनचे आल्बेक यांनी १९६८ मध्ये रुग्णाला उभे करून, गुडघ्यावर वजन असताना प्रतिमा घेण्यावर भर दिला. यंत्र तेच होते, पण रुग्ण कसा उभा राहतो याने उत्तर बदलले.

तान्ह्या बाळांच्या खुब्याचा प्रश्न यापेक्षाही अवघड होता. काही बाळांचा खुबा जन्मतःच सैल किंवा निखळलेला असतो. लवकर कळले तर पट्ट्याने तो जागेवर बसतो; उशीर झाला तर शस्त्रक्रिया करावी लागते किंवा मूल लंगडते. पण जन्माच्या वेळी मांडीच्या हाडाचा गोल माथा कूर्चेचाच असतो. त्यात हाड तयार होऊ लागते ते साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास. म्हणजे उपचाराचा सर्वांत चांगला काळ असतो तेव्हा एक्स-रेत माथा दिसतच नाही. ऑस्ट्रियाचे राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये यासाठी सोनोग्राफीची पद्धत मांडली. आवाजाच्या लहरी हाडावरून परततात, पण कूर्चेतून आत जातात. एक्स-रेला जे दिसत नव्हते तेच इथे खिडकीसारखे उपयोगी पडले, आणि किरणांचा प्रश्नही उरला नाही.

७. सावलीचे मोजमाप : हाडांचा ठिसूळपणा

म्हातारपणी, विशेषतः पाळी बंद झाल्यानंतर स्त्रियांमध्ये, हाडांतील खनिज कमी होते. साध्या एक्स-रेत ही घट डोळ्यांना जाणवते तेव्हा बहुधा ३० टक्क्यांहून अधिक खनिज गेलेले असते. १९६३ मध्ये कॅमेरॉन आणि सोरेनसन यांनी हाडातून किती किरण पार होतात हे मोजून खनिजाचे प्रमाण काढण्याची पद्धत दिली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारी 'डेक्सा' तपासणी आली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्टिओपोरोसिसची सीमा ठरवली : तरुण निरोगी व्यक्तींच्या सरासरीपेक्षा २.५ प्रमाण विचलने किंवा त्याहून खाली.

येथे थांबून विचारा, कोणत्या तरुण व्यक्ती? ही सीमा मुख्यतः गोऱ्या स्त्रियांच्या माहितीवरून ठरली होती. शिवाय डेक्सा खनिज मोजते ते दर चौरस सेंटीमीटरला, घनफळामागे नव्हे. त्यामुळे लहान चणीच्या व्यक्तीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी भासू शकतो. भारतीय वाचकाने अहवाल पाहताना हे ध्यानात ठेवावे.

८. गणिताने कापलेले काप : सीटी

सावलीचा आणखी एक दोष असा की पुढचे आणि मागचे सगळे एकावर एक पडते. मणका, कंबर किंवा टाच यांसारख्या गुंतागुंतीच्या हाडांत तडा कुठून कुठे गेला हे सांगता येत नाही. अनेक कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून आतील काप जुळवता येतो, याचे गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडले होते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनमध्ये ॲलन कॉरमॅक १९५० च्या दशकात स्वतंत्रपणे याच प्रश्नाकडे वळले. प्रत्यक्ष यंत्र बनवले ते इंग्लंडमधील ईएमआय कंपनीचे अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. प्रयोगशाळेत पहिल्या प्रतिमेची मोजमापे घ्यायला नऊ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना नोबेल मिळाले.

सीटीमध्ये प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळतो. पाणी ०, हवा उणे १०००, आणि दाट हाड सुमारे १००० किंवा त्याहून अधिक. यामुळे सांध्याच्या आत गेलेल्या अस्थिभंगांची शस्त्रक्रिया आधीच आखता येऊ लागली. तरीही लक्षात घ्या, सीटी हे अखेर क्ष-किरणांचेच यंत्र आहे. अस्थिबंध आणि कूर्चा त्यालाही फारशी नीट दिसत नाहीत.

९. काळे ते पांढरे, पांढरे ते काळे : एमआरआय

हा अडथळा ओलांडला तो वेगळ्याच भौतिकशास्त्राने. शरीरातील पाणी आणि चरबी यांत हायड्रोजनची अणुकेंद्रे विपुल असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ती रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. हा प्रतिसाद शरीरात नेमका कुठून आला हे ओळखून त्यापासून चित्र बनवण्याची कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगाने पुढे नेली. माणसाच्या शरीराच्या सुरुवातीच्या एमआरआय प्रतिमा हाताच्याच होत्या, हे विशेष. १९७७ मध्ये मॅन्सफील्ड आणि मॉडस्ली यांनी बोटाचा, तर त्याच विद्यापीठातील हिनशॉ, बॉटमली आणि हॉलंड यांनी मनगटाचा काप दाखवला. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले.

राँटगेन यांच्या पहिल्या प्रतिमेशी या चित्रांची तुलना करा. हाडाच्या कठीण कवचात मोकळी हायड्रोजन केंद्रे फारच कमी, म्हणून एमआरआयमध्ये ते काळे दिसते. आतील मज्जेत चरबी असते, ती उजळ दिसते. निरोगी मेनिस्कस काळ्या त्रिकोणासारखा दिसतो आणि फाटला की त्यात उजळ रेघ उमटते. एक्स-रेतील काळ्या फटीत जे ऐंशी वर्षे लपले होते ते आता समोर आले. मज्जेतील सूजही दिसू लागली. म्हणून मनगटातील नौकाकृती हाडाचा तडा, जो पहिल्या एक्स-रेत कित्येकदा सुटतो, एमआरआयमध्ये लवकर सापडतो.

१०. चित्र आणि दुखणे

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की आता प्रश्न संपला. प्रत्यक्षात नवा प्रश्न उभा राहिला. इतके सारे दिसू लागल्यावर, त्यातले दुखण्याचे कारण कोणते?

१९९० मध्ये बोडेन आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या ६७ व्यक्तींच्या मणक्यांचा एमआरआय केला. साठीच्या आतील सुमारे २० टक्के लोकांत चकती सरकलेली आढळली. १९९४ मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी अशाच ९८ व्यक्ती तपासल्या. त्यांतील ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी चकती फुगलेली होती. गुडघ्याचेही तसेच. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅममध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेनिस्कस फाटलेला आढळलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्यात दुखणे किंवा आखडणे जाणवले नव्हते. चित्रे खोटी नव्हती. पण केस पांढरे व्हावेत तसे हे बदल पुष्कळदा वयाबरोबर येतात. केवळ चित्रावरून शस्त्रक्रिया ठरवली, तर ज्याने त्रास होत नव्हता तेच कापले जाण्याचा धोका असतो. म्हणून चांगला डॉक्टर आधी रुग्णाचे ऐकतो, सांधा हाताने तपासतो आणि मग चित्राकडे पाहतो. कोलीस यांची बोटे अजून कालबाह्य झालेली नाहीत.

११. मनगट न्यायालयात

शेवटचे उदाहरण रुग्णालयाबाहेरचे आहे. वाढत्या वयात मनगटाची छोटी हाडे ठरावीक क्रमाने तयार होतात आणि लांब हाडांची टोके पुढे खोडाशी जुळतात. यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. ग्रॉयलिश आणि पाइल यांचा १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला चित्रसंग्रह यासाठी जगभर वापरला गेला. त्यातील प्रतिमा अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या सुस्थितीतील गोऱ्या कुटुंबांतील मुलांच्या होत्या. पोषण आणि आजारपण यांचा हाडांच्या वाढीवर परिणाम होतो, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशात ज्याच्याकडे जन्माचा दाखला नाही असा आरोपी अल्पवयीन आहे की नाही, हे कधी कधी हाडांच्या एक्स-रेवरून ठरवावे लागते. त्याच्यावर बालन्याय मंडळापुढे प्रकरण चालेल की प्रौढांच्या न्यायालयात, हे त्यावर अवलंबून असते. जया माला खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक होऊ शकते. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला पाहायचा, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. कायद्याने येथे प्रतिमेला तिची जागा दाखवून दिली आहे : ती पुरावा आहे, पण अंदाजाचा. ज्यांच्याजवळ कागद नाहीत अशा गरीब मुलांवरच ती जास्त वेळा वापरली जाते, म्हणून ही सावधगिरी महत्त्वाची आहे.

१२. सारांश

एक्स-रे आणि सीटी क्ष-किरण किती अडतात ते मोजतात, डेक्सा त्याच मापावरून खनिजाचा आकडा देते, सोनोग्राफी आवाजाचे परावर्तन टिपते, एमआरआय हायड्रोजनचा प्रतिसाद ऐकते. यांपैकी एकही यंत्र वेदना दाखवत नाही, आणि वयही थेट सांगत नाही. ते अर्थ माणसे लावतात, कोणाशी तरी तुलना करून. पुढच्या वेळी तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या हातात असा अहवाल आला, तर तीन प्रश्न विचारा : या यंत्राला काय दिसते, काय दिसत नाही, आणि हे 'नॉर्मल' कोणावरून ठरवले आहे?

विचारासाठी प्रश्न

१. निरोगी सांध्याच्या एक्स-रेत हाडांमध्ये काळी फट का दिसते? तीच जागा एमआरआयमध्ये वेगळी का दिसते?
२. तान्ह्या बाळाच्या खुब्यासाठी सोनोग्राफी अधिक उपयुक्त का ठरली?
३. चपलांच्या दुकानांतील क्ष-किरण पेट्यांच्या उदाहरणावरून, तंत्रज्ञानाची उपलब्धता आणि गरज यांतील फरक स्पष्ट करा.
४. हाडांवरून वय ठरवताना कोणत्या मुलांशी तुलना केली जाते, हा प्रश्न न्यायाच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे? तुमचे मत सुमारे २०० शब्दांत लिहा.